वाचून दाखवले, बरोबर आहे

दिवाळीच्या सुट्टीत माहेरी कोल्हापूरला आले, तेव्हा भाची फाईल घेऊनच समोर बसली. तिला वकिलीची सनद मिळून जेमतेम तीन महिने झालेत. तिचा प्रश्न सरळ होता. 20 मे 2025 ला सर्वोच्च न्यायालयाने कनिष्ठ स्तराच्या न्यायाधीशपदासाठी तीन वर्षांची वकिली पुन्हा सक्तीची केली. तर ही तीन वर्षं मोजायची कुठून, दाखला कोणाचा घ्यायचा, आणि तोवर क्लास लावायचा की नाही? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं सोपी होती. वकील म्हणून झालेल्या तात्पुरत्या नोंदणीच्या तारखेपासून वर्षं मोजायची. दहा वर्षं वकिली झालेल्या वकिलाने दाखला द्यायचा आणि त्यावर त्या ठिकाणच्या प्रमुख न्यायाधीशांची सही घ्यायची. तिसऱ्या प्रश्नावर मात्र मी अडखळले. त्याचं खरं उत्तर माझ्या स्वतःच्या तीन वर्षांत होतं आणि ते एका वाक्यात मावणारं नव्हतं. म्हणून लिहायला बसले. मी अजून सेवेत आहे, त्यामुळे इथे कोणाचं नाव नाही, गावंही थोडी झाकलेली आहेत.

मला सनद 2006 साली मिळाली. तेव्हा जिल्हा न्यायालय भाऊसिंगजी रोडला, सीपीआर हॉस्पिटलच्या समोर होतं. पुढे ते कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात गेलं. आता त्याच जुन्या इमारतीत उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच बसतं. 17 ऑगस्ट 2025 ला उद्घाटन झालं आणि दुसऱ्या दिवसापासून कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांचं काम तिथे सुरू झालं. या बेंचसाठी मीही बार असोसिएशनच्या आंदोलनात लाल फितीने काम केलंय, कामकाजापासून अलिप्त राहिलेय. सुट्टीत मुद्दाम त्या रस्त्याने चालत गेले. आत गेले नाही, समोर उभी राहून बघितलं आणि परत फिरले. माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक त्याच आवारात, झाडाखालच्या बाकावर बसून झाली होती.

माझे सिनिअर दिवाणी बाजूचे. जमिनीचे दावे, वाटप, मनाई हुकूम, वहिवाटीचे रस्ते. पहिलं वर्षभर मी तारखा घेतल्या, पुरसिस (कोर्टाला द्यायची छोटी लेखी निवेदनं) लिहिल्या, झेरॉक्स काढल्या, नकलेचे अर्ज दिले. दुसऱ्या वर्षी एकदा ते म्हणाले, "या आज्जींचा दावा तू कर. निशाणी पाचही तूच कर." वकिली न करणाऱ्यांसाठी सांगते. दाव्यात वादपत्राला निशाणी एक असा नंबर पडतो आणि तूर्तातूर्त मनाईचा अर्ज असतो तो निशाणी पाच. दाव्याचा निकाल लागेपर्यंत जमीन कोणाच्या हातात राहायची, ते या अर्जावर ठरतं. शेतकऱ्याला पुष्कळदा दाव्यापेक्षा निशाणी पाचच महत्त्वाची असते.

आज्जी करवीर तालुक्यातल्या. नवरा वारलेला, मूलबाळ नाही, दोन एकर ऊस. दीर आता रान आपलंच म्हणायला लागला होता आणि नांगर घालीन अशी धमकी देत होता. बाकावर माझ्या शेजारी बसून त्यांनी जे सांगितलं, ते मला आज अठरा वर्षांनीही शब्दाला शब्द आठवतं: "दीर रान करतोय, खरं ऊस माझ्या नावावर जातोय."

कोल्हापूरबाहेरच्या वाचकासाठी थांबायला हवं. आमच्याकडे 'खरं' म्हणजे 'पण'. "येतो म्हणला, खरं आला नाही." तेव्हा आज्जींच्या वाक्याचा अर्थ असा की दीर मशागत करतो हे बरोबर, पण ऊस कारखान्याला त्यांच्या नावावर जातो, बिल त्यांच्या खात्यावर येतं, म्हणजे रान त्यांच्याच ताब्यात आहे आणि दीर त्यांच्या वतीने राबतो. वाक्याचं सगळं वजन 'खरं'च्या पुढे होतं.

मी याच मातीतली. घरात आई आजही "मी जेवलो, मी आलो" म्हणते. मला त्या वाक्याचा अर्थ कळला नव्हता असं नाही. पण वहीवर लिहिताना मी कायद्याची मराठी लिहायला लागले. प्रतिज्ञापत्रात लिहिलं: "सदर मिळकत सध्या प्रतिवादीच्या वहिवाटीत आहे व तो वादीचा हक्क नाकारीत आहे." दिराचा वाईटपणा दाखवायचा, एवढंच डोक्यात होतं. 'करतोय'चं मी 'वहिवाटीत आहे', म्हणजे ताब्यात आहे, असं केलं आणि 'खरं'च्या पुढचं सगळं गाळून टाकलं. त्या दिवशी सिनिअर उच्च न्यायालयाच्या कामासाठी मुंबईला निघाले होते, त्यांनी वरवर पाहून सही केली. आज्जींनी अंगठा दिला. मी तो मजकूर त्यांना वाचून दाखवला का? "आज्जी, तुमचं सगळं लिहिलंय" एवढं म्हणाले. अंगठ्याखाली मात्र नेहमीची ओळ छापलेली होती, की मजकूर वाचून दाखवला व तो बरोबर आहे.

अर्ज नामंजूर झाला. आदेशात एकच कारण, आणि ते बिनतोड. वादी स्वतःच शपथेवर सांगते की मिळकत प्रतिवादीच्या वहिवाटीत आहे, मग मनाई कशाची द्यायची? अपील केलं. कारखान्याच्या बिलांच्या प्रती काढल्या, सातबाराची पीकपाहणी लावली. अकरा महिन्यांनी जिल्हा न्यायालयाने आदेश फिरवला. पण मधल्या हंगामात दिराने ऊस आपल्या नावाने तोडून घातला होता. अर्ज नामंजूर झाला त्या दिवशी आज्जी मला व्हरांड्यात भेटल्या. आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाल्या, "पोरी, मी सांगिटल्यालं तू लिवलं नव्हंस काय?"

त्यानंतरच्या दीड वर्षात मी जेवढी वकिली शिकले तेवढी त्याआधी शिकले नव्हते. प्रत्येक पक्षकाराचं म्हणणं आधी त्याच्याच शब्दांत एका वेगळ्या वहीत उतरवायचं, मग मसुदा करायचा, मग मसुदा त्याला त्याच्या बोलीत उलटा सांगायचा. "तुम्ही असं म्हणताय, बरोबर?" दहातल्या तीन वेळा तरी तो मान हलवून "तसं न्हवं" म्हणायचा. ती वही माझ्याकडे अजून आहे.

न्यायाधीश व्हायचं मात्र आधीपासून डोक्यात होतं. वडील साखर कारखान्यात शेती खात्यात होते, घरात कोणी वकील नाही. परीक्षा लोकसेवा आयोग घेतो. आधी 100 गुणांची वस्तुनिष्ठ पूर्वपरीक्षा, जिचे गुण पुढे धरत नाहीत. मग मुख्य परीक्षेचे 100-100 गुणांचे दोन लेखी पेपर, एक दिवाणी कायद्यांचा आणि एक फौजदारी कायद्यांचा, आणि शेवटी 50 गुणांची मुलाखत. महाराष्ट्रात तेव्हा दोन वाटा होत्या. वकिलाला तीन वर्षांची वकिली लागायची. चांगल्या गुणांनी पास झालेल्या पंचविशीच्या आतल्या पदवीधराला वकिली न करताही बसता यायचं. आता मे 2025 च्या निकालाने ती दुसरी वाट पुढच्या भरत्यांसाठी बंद झाली. मी वकिलीच्या वाटेने गेले.

सकाळी पाच ते आठ घरी, संध्याकाळी कोर्ट सुटल्यावर करवीर नगर वाचन मंदिरात. नुसते मूळ कायदे वाचायचे, गाईड नाही. दिवाणी प्रक्रिया संहिता तर मी तिच्या ऑर्डर आणि रूलसकट तीनदा उतरवून काढली. पहिल्या प्रयत्नात फौजदारीच्या पेपरने मागे ओढलं, कारण सिनिअरकडे फौजदारी काम नव्हतंच आणि मी तो विषय पुस्तकातून उचलला होता. मग वर्षभर रोज अर्धा तास न्यायदंडाधिकाऱ्यांच्या कोर्टात मागच्या बाकावर जाऊन बसले. रिमांड, जामीन, पंच फितूर होणं, न वटलेल्या धनादेशांची कलम 138 ची प्रकरणं डोळ्यांनी पाहिली आणि तो पेपर जमला.

मुलाखतीतला एक प्रश्न सांगायलाच हवा. पॅनेलवर उच्च न्यायालयाचे एक न्यायमूर्ती होते. त्यांनी विचारलं, वकिलीत तुमच्याकडून झालेली एखादी चूक सांगा. मी आज्जींची गोष्ट सांगितली, 'खरं'सकट. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "त्या न्यायाधीशाला ही चूक पकडता आली असती का?" मी म्हटलं, हो, पक्षकार कोर्टात हजर होती, तिला विचारता आलं असतं. "कशाखाली?" मी म्हटलं, दिवाणी प्रक्रिया संहितेची ऑर्डर दहा. वाद नेमका कशाचा आहे हे स्पष्ट व्हावं म्हणून न्यायालयाला पक्षकाराला तोंडी विचारता येतं. आणि साक्षीपुराव्यात न्यायाधीशाने स्वतः प्रश्न विचारायला पुरावा कायद्याचं कलम 165. (आता भारतीय साक्ष अधिनियमात ते 168 झालंय.) त्यांनी पुढचा प्रश्न विचारला नाही.

निकालानंतर वैद्यकीय तपासणी, पोलीस पडताळणी, मग राज्यपालांच्या नावाने नियुक्तीचा आदेश आणि उच्च न्यायालयाकडून पदस्थापना. राज्यघटनेचं कलम 234 परीक्षेसाठी पाठ केलेलं, ते कागदावर स्वतःच्या नावासकट आलं. वकिलीची सनद स्थगित करायचा अर्ज बार कौन्सिलला पाठवला. त्या अर्जावर सही करताना मला वाटलं होतं त्यापेक्षा जास्त जड गेलं.

प्रशिक्षण भाईंदरजवळ उत्तनच्या न्यायिक अकादमीत. समोर समुद्र, आणि राज्यभरातून आलेली आम्ही मुलं-मुली. निकालपत्र कसं लिहायचं, मुद्दे कसे काढायचे, दोषारोप कसा ठेवायचा हे सगळं तिथे घोटून घेतलं. पण माझ्या डोक्यात राहिला तो भाषेचा भाग. नागपूरकडची एक मैत्रीण अभिरूप साक्षीत म्हणाली, "त्यानं आमचा धुरा फोडला." मी लिहायचं थांबले. आमच्याकडे त्याला बांध म्हणतात. एकाच राज्यातले आम्ही, आणि शेताच्या कडेला एकच शब्द नाही. जिल्ह्यात वकिली केली असेल तर त्या जिल्ह्यात न्यायाधीश म्हणून बसवत नाहीत, स्वतःच्या जिल्ह्यातही नाही. नियम योग्यच आहे. पण त्याचा अर्थ असा की ज्या बोलीत तुम्ही माणसं ओळखता, ती बोली पहिल्या दिवशीच हातातून जाते.

पहिली नेमणूक मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी. दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर व न्यायदंडाधिकारी प्रथमवर्ग. गावात आम्ही दोनच न्यायाधीश. सरकारी निवासस्थान रिकामं नव्हतं म्हणून भाड्याने घर घेतलं. दोन महिन्यांनी बेंच क्लार्कने हळूच सांगितलं की घरमालकाच्या भावाचा वाटपाचा दावा माझ्याच बोर्डावर आहे. आठवड्यात घर सोडलं, आणि दावा दुसऱ्या कोर्टाकडे वर्ग व्हावा म्हणून प्रमुख जिल्हा न्यायाधीशांना लिहिलं. दुसरं घर गावाच्या टोकाला मिळालं, नळाला पाणी एक दिवसाआड.

पहिला रिमांड रविवारी दुपारी आला. अटक केल्यापासून चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यासमोर उभं करायचं असतं, त्याला सुट्टी नसते. मी घरीच होते, मुलगी पाच महिन्यांची, मांडीवर झोपलेली. तिला आईकडे देऊन बाहेरच्या खोलीत खुर्ची टाकली. चोरीच्या संशयावर धरलेला एकवीस-बावीस वर्षांचा पोरगा, बाजूला दोन शिपाई, तपासी अंमलदाराचा पाच दिवसांच्या पीसीआरचा, म्हणजे पोलीस कोठडीचा, अर्ज. मी विचारलं, "पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?" तो म्हणाला, "नाही." पकडायला आलेल्या माणसाच्या हातात स्वतःचा हात असताना 'नाही' या शब्दाला किती किंमत द्यायची, हे कुठल्याच पेपरात नव्हतं. मी पोलिसांना फाटकाबाहेर जायला सांगितलं आणि पुन्हा विचारलं. त्याने चप्पल काढून तळपाय दाखवले. वैद्यकीय तपासणीचा आदेश लिहिला, त्याच्या शब्दांत त्याचं म्हणणं नोंदवलं, आणि पोलीस कोठडीऐवजी न्यायालयीन कोठडी दिली. तपासी अंमलदार नाराज झाला हे त्याच्या सलामावरूनच कळलं. त्यानंतर रिमांडला मी तो प्रश्न कधी पोलिसांसमोर विचारला नाही.

फौजदारी काम मला लवकर जमलं. दंडाधिकाऱ्याचे अधिकार ठरलेले असतात. तीन वर्षांपर्यंत कैद देता येते, दंडाची मर्यादा 1 जुलै 2024 ला लागू झालेल्या नव्या संहितेत दहा हजारांवरून पन्नास हजार झाली, आणि समाजसेवेची शिक्षाही आता देता येते. वेळ खातं ते दिवाणी. आणि खरं सांगायचं तर माझा जीव तिथेच रमतो.

माझ्या तिसऱ्या वर्षी एक दावा उभा राहिला. सत्तरीचा म्हातारा वादी, शेजाऱ्याने चार गुंठे दाबले अशी तक्रार. दिवाणी दाव्यात सरतपास, म्हणजे साक्षीदाराची स्वतःच्या बाजूची साक्ष, आता तोंडी होत नाही, 2002 पासून प्रतिज्ञापत्रावर होतो. म्हणजे वकील लिहितो, पक्षकार सही करतो, आणि थेट उलटतपासाला उभा राहतो. म्हाताऱ्याच्या प्रतिज्ञापत्रात सुंदर मराठी होती: "प्रतिवादीने अनधिकृत अतिक्रमण करून वादीचा शांततामय कब्जा बाधित केला." उलटतपासाला उभे राहिल्यावर विरुद्ध वकिलाने विचारलं, "तुम्ही ती जमीन बटईनं दिली होती ना?"

म्हातारा म्हणाला, "बटईनं नाही, ठोक्यानं."

वकील लगेच माझ्याकडे वळले, "लिहून घ्यावं मॅडम, साक्षीदार मान्य करतो की जमीन प्रतिवादीच्या कब्जात दिली होती." स्टेनोची बोटं सुरू झाली होती. मी थांबवलं. मराठवाड्यात बसून मला एवढं कळलं होतं की बटई म्हणजे पीक वाटून घेणं आणि ठोका म्हणजे ठरलेली रक्कम. पण दिली कोणाला आणि कधी? मी स्वतः विचारलं, "बाबा, ठोक्यानं कोणाला दिली होती?"

"याच्या बापाला, साहेब. तो मेल्यावर सोडवून घेतली. पंधरा वर्षं झाली. तेव्हापासून मीच वखर घालतो."

पंधरा वर्षं. एका शब्दावरून नोंद झाली असती तर ही पंधरा वर्षं नोंदीत आलीच नसती. मी स्टेनोला त्याच्या शब्दांत टंकायला सांगितलं, 'ठोक्याने', 'वखर' तसंच ठेवून, आणि माझा प्रश्न 'न्यायालयाचा प्रश्न' म्हणून नोंदवला. विरुद्ध वकिलांनी हरकत घेतली, तीही लिहिली. मग साक्ष संपल्यावर मी ती पूर्ण वाचून दाखवली. कायदा तेच सांगतो. पण बहुतेक कोर्टांत पानाच्या शेवटी 'वाचून दाखवले, बरोबर आहे' एवढी ओळ आधीच टंकलेली असते, आणि साक्षीदार पुढच्या कठड्यापाशी जाऊन सही करतो. मी वाचत गेले. तिसऱ्या पानावर म्हातारा म्हणाला, "साहेब, इथं विहीर लिहिली. ती विहीर नाही, ती बारव आहे. विहीर याची, बारव माझी." दुरुस्त केलं. त्या दिवशी मी साक्ष वाचून दाखवायला पाऊण तास घालवला आणि बोर्डावरची दोन प्रकरणं पुढे गेली.

त्या पाऊण तासाला युनिट नाही. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही, पण लपवणंही बरं नाही. न्यायाधीशाचं काम उच्च न्यायालय ठरलेल्या युनिटांत मोजतं. किती प्रकरणं निकाली, किती जुनी निकाली, किती साक्षी झाल्या. त्यावर गोपनीय अहवाल, त्यावर बढती. मोजल्याशिवाय एवढ्या मोठ्या यंत्रणेचं भागणार नाही, हे मला पटतं. लोक वर्षानुवर्षं निकालाची वाट बघतात, त्यांच्यासाठी ते मोजणं हवंच. पण एखाद्या साक्षीदाराचा 'खरं' जपायला लागणारा वेळ कुठल्याच रकान्यात बसत नाही. मी पहिली दोन वर्षं युनिटांच्या मागे धावले, मग थोडं अंतर ठेवून चालायला शिकले. एका वर्षी शेरा 'चांगला' मिळाला, 'उत्कृष्ट' नाही. ते वर्ष मला आठवतं, कारण त्या वर्षी माझे सगळ्यात कमी निकाल अपिलात बदलले.

बदल्या दर तीन वर्षांनी. एप्रिलमध्ये यादी येते, जूनमध्ये नवीन गाव. मुलगी आतापर्यंत चार शाळांत शिकली. नवरा कोल्हापुरातच, त्याचा व्यवसाय उद्यमनगरात, तो हलवता येत नाही. शनिवारी रात्रीची बस आणि रविवारी रात्रीची परतीची बस, अशी आमची कितीतरी वर्षं गेली. एकटेपण असतं आणि ते नोकरीचाच भाग आहे. गावातल्या कोणाच्या वास्तुशांतीला जायचं नाही, वकिलांबरोबर चहा नाही, लग्नाची पत्रिका आली तरी हसून ठेवून द्यायची. कोल्हापूरला आले की महाद्वार रोडवर जुने वकीलमित्र भेटतात आणि "काय गं" ऐवजी "मॅडम" म्हणतात. ते मला बोचतं, पण त्यांचं बरोबर आहे.

पगाराचं विचारतात म्हणून सांगते. दुसऱ्या राष्ट्रीय न्यायिक वेतन आयोगानंतर कनिष्ठ स्तराचं सुरुवातीचं मूळ वेतन 77,840 रुपये आहे, वरिष्ठ स्तराचं 1,11,000 आणि जिल्हा न्यायाधीशाचं 1,44,840 पासून. माणसाने पैशाची चिंता न करता न्याय द्यावा एवढं ते आहे. तालुक्याच्या ठिकाणी घर आणि शाळा मिळतेच असं नाही.

आता मी दिवाणी न्यायाधीश वरिष्ठ स्तर आहे. इथे दाव्याच्या किमतीला मर्यादा नाही, भूसंपादनाच्या वाढीव मोबदल्याची प्रकरणं येतात, कंत्राटांचे मोठे दावे येतात. पुढची पायरी जिल्हा न्यायाधीश. तिकडे तीन दारं आहेत: सेवाज्येष्ठता व गुणवत्तेने बढती, सेवेतल्यांसाठी मर्यादित स्पर्धा परीक्षा, आणि वकिलांतून थेट भरती. स्पर्धा परीक्षेचा वाटा मे 2025 च्या त्याच निकालाने दहा टक्क्यांवरून पंचवीस टक्के केला. थेट भरतीच्या दारातून सेवेतल्या न्यायाधीशांना आत्तापर्यंत येता येत नव्हतं. 9 ऑक्टोबर 2025 ला घटनापीठाने वकिली आणि सेवा मिळून सात वर्षं झाली असतील तर तेही चालेल असं ठरवलं. मी परीक्षा देणार आहे. सत्र खटले चालवायचे आहेत. पहाटे पाचला उठणं पुन्हा सुरू केलंय, नवे तीन फौजदारी कायदे मांडीवर घेऊन.

भाचीला हे सगळं तीन संध्याकाळी सांगितलं, रंकाळ्यावर फेऱ्या मारत. तिचं म्हणणं ती मांडत राहिली, आणि काही ठिकाणी तिचंच बरोबर होतं. तीन वर्षांचा नियम गरीब घरच्या मुलींना जड जाणार, ज्युनिअरला महिन्याला हातात पुरेसे पैसे येत नाहीत, काही सिनिअर तीन वर्षं नुसत्या तारखा घ्यायला लावतात आणि शेवटी दाखला देतात. हे मी नाकारलं नाही. तीन वर्षं झेरॉक्स काढून न्यायाधीश होता येणार असेल तर नियमाचा काही उपयोग नाही. सिनिअर मंडळींनी, बारने, ज्युनिअरला काही मानधन द्यायलाच हवं, आणि दाखला देताना त्याने कुठली साक्ष नोंदवताना पाहिली, कुठला मसुदा स्वतः केला हे लिहायला हवं. नुसती तारीख आणि शिक्का नको. पण तीन वर्षांचा नियम मला हवाच आहे. आज्जींचा दावा मी करायच्या आधी जर मी थेट डायसवर बसले असते, तर त्या म्हाताऱ्याचा ठोका मी कब्जा म्हणून लिहून घेतला असता, आणि मला आयुष्यात ते कधी कळलंही नसतं.

सुट्टी संपायच्या आदल्या दिवशी सकाळी भाची गडबडीत आली. तिच्या सिनिअरनी फाईल दिली होती. कागल तालुक्यातली बाई, वहिवाटीच्या रस्त्याचा दावा, दुपारपर्यंत निशाणी पाचचं प्रतिज्ञापत्र तयार हवं. तिने लॅपटॉप उघडला होता आणि जुना मसुदा समोर ठेवून नावं बदलायला सुरुवात केली होती.

"ती बाई भेटली का तुला?"

"नाही आत्या. फाईलमध्ये सगळं आहे. तिचा मुलगा येऊन सांगून गेलाय साहेबांना."

मी काही बोलले नाही. तिने माझ्याकडे बघितलं, मग स्क्रीनकडे, मग घड्याळाकडे. साडेनऊ वाजले होते. लॅपटॉप मिटला, पिशवीत एक कोरी वही टाकली आणि गाडीची किल्ली शोधायला लागली.

"कागलला जाऊन यायला किती लागतील?"

"हायवेने जायला अर्धा तास," मी म्हटलं. "तिच्यापाशी बसायला वेगळा धर."